कुंडीतली शतावरी

ॲस्परॅगसची कुंडी विकत आणली की आठवड्याभरात रोप एकदा मातीच्या गोळ्यासकट बाहेर काढून मुळं बघावीत, असं मी प्रत्येकाला सांगतो. ऐकणाऱ्याला हा सल्ला विचित्र वाटतो. वर इतकी नाजूक, जाळीदार हिरवाई असताना खाली मातीत बघायचं तरी काय? पण या झाडाचा स्वभाव वरून कळत नाही. रोप स्प्रेंगेरी किंवा फॉक्सटेल जातीचं असेल तर मातीच्या कडेला पांढरट, गुळगुळीत, इंच-दीड इंचाचे फुगीर कंद चिकटलेले दिसतात. एखादा कापला तर आतून पाणी येतं. हीच झाडाची साठवण. ज्याने आपलं पाणी स्वतःच्या मुळांत भरून ठेवलं आहे, त्याला रोज सकाळी झारीभर पाणी घातलं की कंद सडतात, फांद्या पिवळ्या पडतात, आणि पिवळेपणा बघून आपण आणखी पाणी घालतो. कोकणातल्या गॅलऱ्यांमध्ये ॲस्परॅगस मरतो तो बहुतेक वेळा असा, मायेने घातलेल्या पाण्याने.

हे प्रकरण रामवाडीसारख्या ठिकाणी राहणाऱ्या वाचकाला डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे. एसटीने कोकणात जाणाऱ्यांना पेणजवळचा मुंबई-गोवा महामार्गावरचा रामवाडीचा थांबा ठाऊक असतो. पूर्वेला डोंगर, पश्चिमेला धरमतरच्या खाडीकडे उतरत गेलेला खारेपाट, आणि मधल्या पट्ट्यात वाढत चाललेली घरं, इमारती, गॅलऱ्या. रायगड जिल्ह्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. उरलेले आठ महिने आभाळ कोरडं. शोभेचे ॲस्परॅगस मूळचे दक्षिण आफ्रिकेचे, विशेषतः तिथल्या पूर्व किनाऱ्याकडचे. त्या किनाऱ्यावरच्या डर्बन शहरात वर्षाला हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. तिथेही पाऊस उन्हाळ्यात येतो आणि हिवाळा कोरडा जातो, म्हणून ओलं-कोरडं हे चक्र या झाडाला नवं नाही. नवं आहे ते पावसाचं प्रमाण. तिथल्या तिप्पट पाणी आपल्याकडे चार महिन्यांत कोसळतं. रामवाडीत हे झाड सांभाळायचं म्हणजे त्याला पावसाळ्यात बुडू द्यायचं नाही आणि उन्हाळ्यात करपू द्यायचं नाही. बाकी सगळं तपशिलाचं काम.

हा तपशील शिकायला मात्र दक्षिण आफ्रिकेला जावं लागत नाही. पेण-रोह्याच्या डोंगरात या झाडाची सख्खी नातेवाईक रानटी वाढते. ती आपली शतावरी.

करवंदाच्या जाळीत शिरलेली, मागे वळलेल्या काट्यांनी फांद्यांना धरून वर चढलेली शतावरी ओळखायला सोपी आहे. हिरव्या सुयांचे झुबके, खाली करड्या रंगाचा कठीण वेल. चैत्र-वैशाखात तिचा वरचा भाग निस्तेज होतो, पुष्कळदा वाळूनच जातो. वाटसरूला वाटतं, गेली. पण जमिनीत बोटांसारख्या जाड मुळांचा मोठा झुबका पाणी आणि अन्न धरून बसलेला असतो, त्यावरूनच तिला शतमुळी म्हणतात. मृगाचा पाऊस पडला की या झुबक्याच्या डोक्यावरून जाड, जांभळट-हिरवे कोंब सरळ वर येतात. कातकरी आणि ठाकर बायका हे कोवळे कोंब खुडून आणतात, त्यांची भाजी होते. हॉटेलच्या यादीत ॲस्परॅगस म्हणून जी महागडी भाजी असते, ती याच प्रजातीतल्या दुसऱ्या एका जातीचे कोंब. पावसाळा सरताना शतावरीला बारीक पांढरी सुवासिक फुलं येतात, पुढे लाल गोळ्यांसारखी फळं धरतात, आणि उन्हाळ्यात वेल पुन्हा मुळांपाशी परततो.

कुंडीतल्या ॲस्परॅगसची वर्षाची चाल थोड्याफार फरकाने अशीच असते. पहिल्या पावसाबरोबर कोंब, पावसात वाढ, कडक उन्हाळ्यात विश्रांती. डोंगरातल्या शतावरीकडे एक वर्ष नीट लक्ष दिलं तर गॅलरीतल्या झाडाबद्दल पुस्तकाला फारसं विचारावं लागत नाही. एक इशारा मात्र इथेच देतो. बाळंतिणीला दुधातून द्यायचा शतावरी कल्प घराघरांत माहीत असल्यामुळे काही जण कुंडीतल्या कंदांकडेही औषध म्हणून बघतात. तसं करू नये. औषधी शतावरी ही वेगळी जात आहे. शोभेच्या जातींची फळं मुलांनी किंवा कुत्र्या-मांजरांनी खाल्ली तर उलट्या-जुलाब होऊ शकतात, आणि फांद्यांचा रस सतत लागला तर काहींच्या हातांवर पुरळ उठतं.

शतावरीचं हे कुटुंब तसं आपल्या चांगल्या ओळखीचं आहे. पूर्वी वनस्पतिशास्त्रज्ञ या झाडांना लिलीच्या मोठ्या कुळात धरत. आता शतावरीच्या नावाचं स्वतंत्र कूळ मानलं जातं आणि त्यात निशिगंध आहे, बांधावरचा घायपात आहे, डोंगरउतारावरचा कोळकांदा आहे, घरात ठेवायचे ड्रॅसिना आणि स्पायडर प्लँट आहेत, आणि मुंबईच्या बोरिवलीचं नाव ज्या जातीला मिळालं ती सफेद मुसळीही आहे. या सगळ्यांत एक गोष्ट वारंवार दिसते: पाणी आणि अन्न कुठेतरी साठवून ठेवायची सवय. कुणी मुळांत, कुणी कांद्यात, कुणी जाड पानांत. दुकानात ॲस्परॅगस पुष्कळदा फर्न म्हणून विकला जातो, पण नेचा म्हणजे फर्न या मंडळींत कुठेच बसत नाही. नेच्याला फूल नाही, बी नाही. त्याच्या पानामागे तपकिरी ठिपक्यांत बीजाणू असतात. ॲस्परॅगसला फूल येतं, फळ धरतं, बी होतं. दुकानात फर्न म्हणून मिळालेलं रोप घरी आणून कुणी त्याला नेच्यासारखं सतत ओलं ठेवू लागलं, तर त्या झाडाचे दिवस भरले.

आता वरच्या भागाकडे नीट पाहू, कारण छाटणीचं सगळं शहाणपण तिथे आहे. ज्याला आपण पान म्हणतो ते हिरवं सुईसारखं अंग हे पान नसतं, तो खोडाचाच बारीक अवयव असतो. खरं पान आहे, पण ते खवल्याएवढं उरलेलं, आणि जुन्या फांद्यांवर त्याचाच कठीण काटा झालेला. रुंद पान म्हणजे पाणी उडून जायला मोठी जागा. या झाडाने ती जागाच काढून टाकली आणि अन्न तयार करायचं काम खोडाच्या सुयांवर सोपवलं. एकदा सुया गळाल्या की त्या फांदीवर पुन्हा फुटत नाहीत. जास्वंदीची काडी मध्येच कापली तर खालून नवे फुटवे येतात, इथे तसं होत नाही. अर्धवट कापलेली फांदी तिथेच थांबते, पिवळी पडते. नवी वाढ नेहमी जमिनीतून, मुळांच्या वर असलेल्या गड्ड्यातून येते. तेव्हा पिवळी किंवा उघडी पडलेली फांदी दिसली की ती थेट मातीलगत कापावी. हात घालण्याआधी जाड हातमोजे घालावेत. बाहेरून मऊ दिसणाऱ्या झुबक्यात आत काटे असतात.

आपल्याकडच्या रोपवाटिकांत प्रामुख्याने तीन प्रकार मिळतात आणि तिघांना एकाच मापाने वागवता येत नाही.

पहिला प्लुमोसस. लग्नाच्या गुच्छात गुलाबामागे किंवा कोटाच्या खिशापाशी फुलासोबत खोचलेली ती पिसासारखी सपाट, थरांची हिरवी नक्षी म्हणजे हाच. कार्नेशनच्या फुलाबरोबर तो जगभर गेला. दादरच्या फुलबाजारात आणि पुण्याच्या गुलटेकडी मार्केट यार्डात फुलांच्या बरोबरीने अशा हिरव्या फांद्यांचाही व्यवहार चालतो. याच्या मुळांना ते फुगीर कंद नसतात, मुळं फक्त थोडी जाड असतात. म्हणून तिघांत यालाच सावली आणि बेताची सतत ओल लागते. लहानपणी बसका दिसणारा प्लुमोसस दोन-तीन वर्षांचा झाला की अचानक एक लांब, उघडी दोरी वर सोडतो. तो वेल आहे हे तेव्हा कळतं. त्याला खिडकीच्या गजावर चढू द्यावं, किंवा बसकाच हवा असेल तर ती दोरी मुळापासून काढावी.

दुसरा स्प्रेंगेरी. टांगलेल्या कुंडीतून कमानीसारख्या खाली झुकणाऱ्या फांद्या, ताठर सुया, लहान पांढरी फुलं आणि लाल फळं. तिघांत सर्वांत सोशीक. याचं नाव कार्ल लुडविग स्प्रेंगर या जर्मन वनस्पतिज्ञाचं. तो इटलीत नेपल्सजवळ बियाणं आणि कंदांच्या एका व्यापारी पेढीत काम करत होता. दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ प्रदेशातून आलेलं हे झाड त्याने युरोपच्या बागांत आणलं आणि १८९० साली रेगल या शास्त्रज्ञाने त्याच्या नावाने त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. १९०६ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात स्प्रेंगरच्या बागेची मोठी हानी झाली. नंतर तो ग्रीसच्या कॉर्फू बेटावर जर्मन सम्राटाच्या बागेची देखरेख करू लागला आणि १९१७ मध्ये तिथेच वारला. त्याने इतर फुलझाडांवर पुष्कळ काम केलं, पण आज जगभरच्या माळ्यांच्या तोंडी त्याचं नाव आहे ते या झुकत्या फांद्यांमुळे. शास्त्रज्ञांनी पुढे या झाडाचं वर्गीकरण दोन-तीनदा बदललं. रोपवाटिकेने मात्र स्प्रेंगरला सोडलं नाही.

तिसरा मेयेरी, म्हणजे फॉक्सटेल. दीड-दोन फूट उंचीचे, दाट, टोकाला निमुळते होणारे उभे तुरे. माझ्या मते गॅलरीसाठी याहून देखणं आणि कमी कटकटीचं झाड मिळणं कठीण. याचे कंद भरपूर असतात, इतके की तीनेक वर्षांत ते प्लास्टिकची कुंडी फुगवतात आणि मातीच्या कुंडीला तडा देतात. कुंडी जड लागली, पाणी वरच साचलं, माती काठाच्या वर उचलली गेली तर समजावं की आत आता माती कमी आणि कंदच जास्त झाले आहेत.

मातीचं सांगतो. रोपवाटिकेतलं रोप पुष्कळदा चिकट लाल मातीच्या घट्ट गोळ्यात येतं. रोपवाटिकेत, शेडनेटखाली आणि मोजक्या पाण्यावर ते ठीक असतं. रामवाडीच्या पावसात तो गोळा आठवडे ओला राहतो. म्हणून गोळ्याच्या कडेची माती हलक्या हाताने सोडवावी, पण कंद तोडू नयेत. नव्या कुंडीसाठी दोन भाग जांभ्याची लाल माती, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, आणि एक भाग जाड वाळू किंवा विटांचा बारीक चुरा घ्यावा. मूठभर निंबोळी पेंड मिसळली तर उत्तम. कोकोपीट कमीच घालावं. ते पावसाळ्यात पाणी धरून ठेवतं आणि उन्हाळ्यात एकदा पूर्ण सुकलं की पुन्हा भिजायला वेळ घेतं. तळाच्या भोकावर खापरीचा तुकडा ठेवावा.

पेणमध्ये मातीबद्दल बोलायचं तर शाडूबद्दल बोलावंच लागेल. गणपतीच्या मूर्तींचं हे गाव. घरच्या घरी बादलीत विसर्जन करून ती माती झाडांना घालायची चांगली पद्धत आता रुजते आहे आणि मला ती मनापासून आवडते. पण ती माती ॲस्परॅगसच्या कुंडीत घालू नका. शाडूचे कण अतिशय बारीक असतात, म्हणून तर त्याला इतकी सुबक बोटं आणि डोळे काढता येतात. कुंडीत हेच कण मातीतल्या हवेच्या वाटा बुजवतात, पाणी खाली उतरत नाही आणि कंदांना श्वास घेता येत नाही. विसर्जनाची माती अंगणातल्या जास्वंदीच्या किंवा नारळाच्या आळ्यात पसरून घालावी, तिथे ती मोठ्या जमिनीत मिसळून जाते. पुढच्या वर्षी मूर्ती करायला कुणी ती परत घेत असेल तर त्याहून चांगलं.

वर्षाची सुरुवात मृगापासून करावी. जूनच्या पहिल्या सरी पडल्या की टोकदार कोंब वर येऊ लागतात. झाडाचे भाग करायचे असतील तर हीच वेळ. आदल्या दिवशी पाणी घालून रोप बाहेर काढावं, जुन्या सुरीने गड्डा उभा कापावा, आणि प्रत्येक भागाला गड्ड्याचा तुकडा, दोन-तीन फांद्या आणि काही कंद येतील असं बघावं. नुसता कंद लावून झाड होत नाही, तो फक्त कोठार आहे. गुच्छातली फांदी मातीत खोचूनही रोप होत नाही, कितीही दिवस हिरवी राहिली तरी. कापलेली बाजू दिवसभर सावलीत सुकू द्यावी, मग लावावी. नव्याने लावलेली कुंडी आठ-दहा दिवस पागोळ्यांपासून दूर, आडोशाला ठेवावी.

आर्द्रापासून पुढे खरी कसोटी. कुंडीखालचे परळ सगळे काढून टाकावेत. कुंड्या विटांवर चढवाव्यात, म्हणजे तळाचं भोक फरशीला टेकत नाही. मोकळ्या गच्चीवरच्या कुंड्या छपराखाली आणाव्यात. रोज पाऊस लागला तर गॅलरीतल्या झाडाला आठवडाभर पाणी घातलं नाही तरी चालतं, कारण हवाच ओली असते. बोट दोन इंच मातीत खुपसून बघावं. ओल लागली तर झारी उचलायची नाही. आभाळ झाकलेलं असताना सावलीतले कोपरे फारच काळोखे होतात, तेव्हा स्प्रेंगेरी आणि मेयेरीला गॅलरीच्या कडेपर्यंत आणावं. खत या दिवसांत देऊ नये, सगळं वाहून जातं. रात्री गोगलगायी कोवळे कोंब शेंड्याकडून कुरतडतात आणि असा कोंब पुढे वाढत नाही. टॉर्च घेऊन त्या वेचून मिठाच्या पाण्यात टाकणं हा सर्वांत खात्रीचा उपाय. मीठ कुंडीतच शिंपडू नये, ते मुळांना बाधतं.

भाद्रपदात झाड भरात असतं. मखराला, समईच्या मागे, फुलदाणीत घालायला घरचीच हिरवी फांदी असण्यात मोठा आनंद आहे. बाजारातली फुलं दोन दिवसांत माना टाकतात, ॲस्परॅगसची निबर फांदी गौरींच्या विसर्जनापर्यंत टिकते. फांदी निवडताना शेंड्यापर्यंत गर्द हिरवी झालेली घ्यावी. पोपटी, मऊ शेंड्याची फांदी तासाभरात लवते. सकाळी कापून लगेच पाण्यात उभी करावी. एका झाडाच्या एक तृतीयांशाहून जास्त फांद्या एका वेळी काढू नयेत, कारण उरलेल्या फांद्यांनीच कंद पुन्हा भरायचे असतात.

नवरात्रानंतर पाऊस ओसरला की खताचा हंगाम. महिन्यातून एकदा ओंजळभर गांडूळखत, किंवा १९:१९:१९ हे विद्राव्य खत लिटरला एक ग्रॅम विरघळवून. एवढं पुरे. जास्त नत्र मिळालं की फांद्या लांब, विरळ आणि लेच्यापेच्या होतात. हिवाळा पेणला सौम्यच असतो, त्याची काळजी करायचं कारण नाही. चार-पाच दिवसांनी पाणी आणि सकाळचं ऊन, बस्स.

माघ-फाल्गुनात कोरडा वारा सुटतो आणि त्याबरोबर लाल कोळी येतो. हिरवा रंग निस्तेज होऊन सुयांवर फिकट ठिपके दिसू लागले, फांद्यांमध्ये अगदी बारीक जाळं दिसलं तर तोच. पांढऱ्या कागदावर फांदी झटकली की हलणारे ठिपके पडतात. कुंडी आडवी धरून नळाच्या जोरदार धारेने सगळ्या बाजूंनी झाड धुऊन काढावं, तीन दिवसांनी पुन्हा. यानेच बराचसा बंदोबस्त होतो. नाही झाला तर संध्याकाळी, ऊन गेल्यावर, लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर कडुनिंबाचं तेल आणि दोन थेंब साबण घालून फवारावं. पिठ्या ढेकूण गड्ड्यापाशी, फांद्यांच्या बेचक्यात लपतो. तो जुन्या टूथब्रशने खरवडून काढता येतो.

उन्हाळ्याची गोष्ट हलक्यात घेऊ नये. किनाऱ्यापासून आत, डोंगराच्या कुशीत उष्णता कशी कोंडते हे रायगडकरांना ठाऊक आहे. २०१७ च्या मार्चअखेरीस कोलाडपलीकडच्या भिऱ्याला पारा ४६ अंशांच्या पुढे गेल्याची नोंद झाली होती. पश्चिमेच्या गॅलरीत दुपारी तीनच्या उन्हात मेयेरीचे तुरेसुद्धा पिवळे पडतात, प्लुमोसस तर जळूनच जातो. मार्च लागताच कुंड्या पूर्वेच्या बाजूला हलवाव्यात किंवा पन्नास टक्क्यांचं शेडनेट लावावं. पाणी दिवसाआड, पण भरपूर, तळातून निथळेपर्यंत. रोज थोडं थोडं शिंपडल्याने वरची माती ओली आणि खालचे कंद कोरडे राहतात. खारेपाटाच्या बाजूला बोअरचं पाणी मचूळ असेल तर कुंडीच्या काठावर पांढरा थर साचतो. महिन्यातून एकदा गोड्या पाण्याने कुंडी चांगली धुवून काढावी. एवढं करूनही मे महिन्यात काही फांद्या जातीलच. डोंगरातली शतावरीही तेव्हा वरून वाळलेली असते. त्या मातीलगत कापाव्यात आणि मृगाची वाट बघावी. कंद टणक असतील तर झाड जिवंत आहे.

आता थोडं फळांबद्दल, कारण या विषयावर मला खरी कळकळ आहे. स्प्रेंगेरीची लाल फळं सुंदर दिसतात. आतलं काळं बी ताजं असताना दिवसभर भिजवून पेरलं तर महिन्या-दीड महिन्यात रोप उगवतं, आणि रोपं वाढवायची हौस असेल तर जरूर पेरावं. पण ही फळं पक्षीही खातात आणि बी दूर नेऊन टाकतात. ऑस्ट्रेलियात शोभेसाठी नेलेल्या आफ्रिकी ॲस्परॅगसच्या जाती अशाच बागांतून निसटल्या. त्यांनी किनाऱ्यावरची आणि रानातली जमीन कंदांच्या जाड चटईने झाकली, स्थानिक रोपट्यांना उगवायला जागा ठेवली नाही. तिथल्या सरकारने त्यांतल्या एका वेलीला १९९९ मध्ये आणि नंतर इतर अनेक जातींना राष्ट्रीय महत्त्वाच्या तणांच्या यादीत घातलं. त्या वेलीला आवरायला दक्षिण आफ्रिकेतून तिच्यावर जगणारा कीटक आणि तांबेरा बुरशी आणून सोडावी लागली. अमेरिकेच्या फ्लोरिडातही स्प्रेंगेरी उपद्रवी झाडांत गणली जाते.

पनवेलहून पेणला येताना कर्नाळा लागतं. ते पक्षी अभयारण्य अवघं १२.११ चौरस किलोमीटरचं आहे. पलीकडे रोहा-मुरूडच्या बाजूला फणसाड अभयारण्य आहे. बुलबुल आपल्या गॅलरीत फळ खाऊन किती लांब जातो, याला सीमा नाही. म्हणून या भागात स्प्रेंगेरी लावणाऱ्याने दोन नियम पाळावेत असं मी आग्रहाने सांगतो. फळं पेरायची नसतील तर हिरवी असतानाच खुडावीत. आणि झाड काढून टाकायचं ठरलं तर ते कंपाउंडमागच्या ओढ्यात किंवा माळावर फेकू नये. वरचा गड्डा ओल मिळाली की पुन्हा फुटतो. तो कापून वेगळा करावा, पत्र्यावर महिनाभर कडक उन्हात वाळवावा आणि मगच टाकावा. कंदांचा धोका नाही, ते कुजून खतच होतात.

ज्याला अंगण आहे, कुंपण आहे, त्याला मी एक पाऊल पुढे जाऊन सुचवेन की शोभेसाठी आपली शतावरीच लावावी. तिची हिरवाई प्लुमोससहून कमी देखणी नाही, फुलांना मंद सुगंध आहे, पाऊस तिच्या ओळखीचा आहे, आणि तिचं बी रानात पडलं तर ते आपल्याच घरी पडतं. फक्त डोंगरातून उपटून आणू नये. मुळांच्या औषधी मागणीपोटी रानातली शतावरी आधीच पुष्कळ खणली जाते. बियांपासून केलेलं रोप रोपवाटिकेतून घ्यावं. रोह्याजवळ किल्ला इथलं कृषी विज्ञान केंद्र किंवा दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ यांच्याकडे चौकशी करता येते. जून-जुलैत फूटभर खोल-रुंद खड्ड्यात, पाणी न साचणाऱ्या उतारावर ते लावावं आणि शेजारी बांबूचा किंवा जाळीचा भक्कम आधार द्यावा, कारण दुसऱ्या वर्षी वेल डोक्याच्या वर जातो. काटे मागे वळलेले असल्यामुळे येण्याजाण्याच्या वाटेपासून तो हात-दोन हात लांब असलेला बरा. पहिल्या उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा पाणी घालावं. दुसऱ्या उन्हाळ्यापासून तेवढंही लागत नाही.